उंबराखालचं तांबडं शेवाळ

२ नोव्हेंबर
आलो बाई एकदाचे! रहिमतपूरपासून पाच किलोमीटरवर घरमालकीण साळूबाईंचं घर, परसात दगडी बारव. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नोकरी लागली, म्हणून मी आणि सहा वर्षांची लेक ब्राह्मी सांगली सोडून आलो. नवऱ्याला, भरतेशना, दुकान सुटत नाही. बारवेत वाकून पाहिलं आणि शाळकरी पोरीसारखी ओरडलेच. दगडांवर तांबडं शेवाळ! लाल शेवाळ समुद्रातलं, असं मीच शिकवते. गोड्या पाण्यातल्या जाती अगदी थोड्या. त्यांना सावली लागते, गार झुळझुळतं पाणी लागतं, धरायला टणक दगड लागतो. इथे वर उंबर, तळाला जिवंत झरा. आणखी काय हवं!

५ नोव्हेंबर
साळूबाई उंबर छाटायला निघाल्या. दर दिवाळीनंतर छाटतात म्हणे, बारवेत ऊन पडावं म्हणून. मी आडवी आले, शेवाळ मरेल ना! त्या म्हणाल्या, "आवं म्याडम, त्ये मरावं म्हनूनच तोडतो आमी." बारवेचं प्यायचं पाणी गाळलेलं फडकंही कडक उन्हात वाळवायची तंबी दिली. मला हसूच आलं. आमच्या जैन घरची रीत उलटी: गाळण्यात अडकलेले जीव परत त्याच पाण्यात सोडायचे. फडकं बारवेतच खळबळून आणलं. महिनाभर थांबते म्हणाल्या, कुरकुरत.

१९ नोव्हेंबर
शेवाळ दुप्पट झालं. फडक्यावर रोज तांबूस पट्टा येतो, रोज मी तो परत पाण्यात सोडते. आज ब्राह्मीच्या दातांना तांबडी किनार दिसली. विडा कुणी दिला म्हणून रागावले. तिनं विडा खाल्लाच नव्हता.

२४ नोव्हेंबर
घासून निघेना. खरवडून कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तेच. टणक, ओलं, अंधारं — तोंडासारखी जागा त्याला कुठं मिळणार? साळूबाईंना सांगितलं. त्यांच्या जावेला असंच झालं होतं. त्यांना उजेड सोसेना, मग एका दुपारी आपणहून बारवेत उतरल्या, वर आल्याच नाहीत. पोरीला आजच उन्हात बसवा, तोंड उघडं ठेवून, म्हणाल्या. देवा, काय करून बसले मी!

२६ नोव्हेंबर
दोन दिवस जबडा धरून अंगणात बसवली. ती रडली, मीही दातओठ आवळून रडले. किनार फिकी पडलीय. जगेल माझी पोर!

२८ नोव्हेंबर
ब्राह्मीचे दात पांढरे झाले. मला मात्र सकाळपासून ऊन सोसेना — आरशात पाहिलं — दाढांमागे, पार टाळ्यापर्यंत. तिचं तोंड उघडं धरलं तेव्हा माझं मिटलेलंच होतं. आणि पाणी तर मीही तेच —

२९ नोव्हेंबर
भरतेशना फोन केला. पोरीला घेऊन जा म्हटलं. उद्या चारला पोचतात. परसात साळूबाई उंबर तोडताहेत. घाव सोसवत नाही — खिडक्या लावल्या —

३० नोव्हेंबर
कुऱ्हाड थांबली. किती समजावलं, जीव आहे तो, मारू नये. ऐकेनात. आता पाण्यात आहेत साळूबाई. गप्प आहेत.

तीन वाजले. ब्राह्मी अंगणात, उन्हात. तिच्या दातांत अजून एखाददुसरा जीव अडकला असेल — पाण्यात सोडायला हवा, आपली रीत आहे — हाक मारली, येत नव्हती. मग मी रडले.

आई रडतेय म्हणून येतेय बिचारी. उंबऱ्यापर्यंत आली. आत सावलीत —