चार पट्ट्यांचा पगार

दि. २ जून

धाकट्यास,

पत्र माझ्या लेकीला लिहितोस आणि शेवटी माझ्यासाठी एक ओळ टाकतोस, ‘आईला नमस्कार सांग’. मी काय परकी आहे? वर तिला विचारतोस, ‘वैमानिक व्हायला किती पैसे लागतात आणि पुढे किती मिळतात, हे तुझ्या आईने नीट पाहिलंय का?’ ते मला विचारायचं. आम्ही बरे आहोत, तूही बरा असशील. आता ऐक.

पाहिलंय. पण आधी चुकीचं पाहिलं, तेही सांगते.

माझ्या इस्त्रीच्या दुकानात मागच्या हॉटेलातले वैमानिकांचे शर्ट येतात, हे तुला माहीत नसेल. खांद्यावरच्या पट्ट्या काढून डब्यात ठेवायच्या, शर्ट झाला की परत चढवायच्या. चार पट्ट्या म्हणजे कॅप्टन. एक कॅप्टन फार बोलका. त्याला पगार विचारला, त्याने सांगितला, आणि मी त्याच आकड्यावर सगळा हिशोब मांडला. चार वर्षांत कर्ज फिटून मी गादीवर बसून चहा पिते असं निघालं. आठवडाभर हवेत होते.

मग दोन पट्ट्यांची एक मुलगी शर्ट न्यायला आली. तिला वही दाखवली. ती हसायला लागली. म्हणाली, “मावशी, हा पगार पंधरा वर्षांनंतरचा. मला याचा चौथा हिस्सा मिळतो.”

मी म्हटलं, “मग तू सांग. आणि गोड करून सांगू नकोस.”

तिने सांगितलं. विमान शिकवणाऱ्या शाळेचे पंचावन्न लाख. पावसापाण्याने उड्डाणं लांबतात, एखादा पेपर राहतो, त्याचे पाच धर. लायसन हातात आल्यावर ती चौदा महिने घरी बसून होती, शिकवण्या घेत होती. मोठं विमान चालवायचं शिक्षण वेगळं, त्याचे अठरा. नोकरी लागली की सुरुवातीला हातात दीड लाख, त्यातले निम्मे हप्त्यात. मी विचारलं, “परत करशील का हे सगळं?” ती माझ्या आरशासमोर उभी राहून पट्ट्या चढवत होती. मग म्हणाली, “मावशी, पहाटे साडेतीनला उठायचं असतं. तीन वर्षं झाली, अजून गजराआधी जाग येते.”

त्या दिवशी वही फाडली आणि नवी मांडली.

आत्ता साठ लागणार. चौदा माझ्याकडे आहेत. वाफेची मोठी इस्त्री विकून सहा येतील, जुन्या दोन इस्त्र्यांवर निभेल. चाळीस बँक देते. पहिली दोन वर्षं नुसतं व्याज, महिन्याला तेहतीस हजार, ते दुकानातून निघतं. पुढचे अठरा कुठून येणार, मला माहीत नाही. लेक म्हणते, मधल्या काळात ती कमावेल. डोळे, कान, छाती, सगळी तपासणी तिने एका फटक्यात पास केली आहे. रोज संध्याकाळी गिऱ्हाईक असताना माझ्यासमोर गणितं सोडवत बसते, मला वैताग येतो, पण ती चुकत नाही.

बँक चाळीस देते ते आपल्या बाबांच्या दोन खोल्यांवर. दोन खोल्यांवर दोन नावं आहेत.

कळलं ना, कशासाठी लिहिते आहे ते.

लेक म्हणाली, “तू सांग, मी लिहिते, तुझं अक्षर मामाला लागणार नाही.” मी नको म्हटलं. कारण पुढचं तिला माहीत नाही. वीस वर्षांपूर्वी तुला जहाजाच्या इंजिनांच्या कॉलेजात जागा मिळाली होती, याच खोल्यांवर कर्ज मिळत होतं, आणि मी सही केली नाही. बँकेत त्या साहेबासमोर तुला म्हणाले, “तुझ्याने गणित होणार नाही, घर घालवशील.” तू उठून गेलास तो आजतागायत आला नाहीस.

तुझं गणित चांगलं होतं. मला भीती होती तू पास होशील याची. नवरा सोडून गेलेला, ही पोटात, तूही समुद्रावर गेलास की त्या दोन खोल्यांत मी एकटी. हे तेव्हाच बोलले असते तर काही वाट निघाली असती. मी बोलले ते दुसरंच. आणि तेव्हापासून तुझ्या खोलीत फुकट राहते आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मला वेळ लागतो. त्यात मी काय केलं ते तू पोरीला लिहिलं नाहीस. लिहायला जागा होती. म्हणून हिंमत झाली.

माफी मागितली की सही मिळते, असलं दुकान मी लावलेलं नाही. चूक माझी होती, ती तू सही केलीस तरी माझीच आणि नाही केलीस तरी माझीच. लेकीला मी रविवारी स्वतः सगळं सांगणार आहे, तुझं उत्तर येवो न येवो. ती मला काय म्हणेल ते मी ऐकून घेईन. पण तिला उडू देणार आहे, या वाटेने नाही तर त्या वाटेने. तू नाही म्हणालास तर दुसरी वाट शोधीन, तुला दोष देणार नाही.

बँकेत गुरुवारी, बारा तारखेला, अकरा वाजता बोलावलंय. शाळेची जागा पंधरापर्यंत धरून ठेवलीय. येणार की नाही, दहा तारखेच्या आत कळव. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण या वेळी मला लिही.

तुझी वाट पाहणारी,
ताई