दोन संघटनांची एक आई

मी, शिगे कुवाहारा, खाणकामगार कै. जिंपेई कुवाहारा यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार हिगाशिदानी खाणवसाहत, क्यूशू. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाच्याही, म्हणजे कोणत्याही संघटनेच्या दबावाखाली न येता मी पुढील व्यवस्था राजीखुशीने लिहून ठेवत आहे.

१. राहते घर कंपनीचे आहे. त्यामुळे त्यावरून भांडण्याचे सुख माझ्या मुलांना मिळणार नाही.

२. यजमानांची कुदळ थोरला तामोत्सु यास. मोठ्या संपात तो जुन्या संघटनेत अखेरपर्यंत राहिला. शिलाई मशीन धाकटा एइकिची याच्या बायकोस. कंपनीने संप फोडायला नवी संघटना उभी केली, तीत तो गेला. घरात तान्हे मूल होते. मला दोघांचेही पटते, हे दोघांनाही पटत नाही.

३. लोणच्याचा रांजण दोन्ही सुनांचा. ज्यात भाज्या मुरतात तो तांदळाचा कोंडा रोज हाताने ढवळावा लागतो, नाहीतर नासतो. त्यांनी आळीपाळीने ढवळावा. नवऱ्यांना चोरून त्या एकमेकींकडे जातात, हे मला ठाऊक आहे.

४. शेजारीण ओतोमे हिने संपात मला ‘फितुराची आई’ म्हटले. तिला माझी काळी छत्री द्यावी. ती मूळची तिचीच आहे.

५. संपापासून मुले एकमेकांशी बोललेली नाहीत. नववर्षाच्या जेवणाला येतात, तेव्हा मला मध्ये बसवतात.

“आई, त्याला म्हणावं, सोया सॉस सरकव.”

“आई, दादाला विचार, कंपनीच्या बोनसातून आणलाय. चालेल का?”

बाटली दोघांच्याही हाताशी असते. मी निरोप पोचवते आणि माझा भात गार होतो. हसू येते, पण नंतर भांडी घासताना रडूही येते.

६. म्हणून ही शेवटची अट. दहनानंतर माझ्या अस्थी रिवाजाप्रमाणे वेचाव्यात: एकेक हाड दोघांनी, जेवतो तशा आपापल्या काड्यांनी, एकदमच उचलायचे. बाकीची हाडे कोणीही उचला. सर्वांत शेवटी ठेवायचे ते गळ्याचे हाड मात्र तामोत्सु आणि एइकिची यांनीच उचलावे. एवढी वर्षे तुमचे निरोप त्याच गळ्याने वाहिले. ते हाड फार नाजूक असते. “धरलंस का?” “हो दादा, उचल,” एवढे बोलल्याशिवाय ते कलशात जाणार नाही, आणि मध्ये बसायला मी नसेन.

वरील मजकूर पुन्हा वाचून, तोच कायम ठेवून, शिक्का उमटवला आहे.

शिगे कुवाहारा

साक्षीदार:
कान्नोसुके मियाके (जुनी संघटना)
यासुगोरो हिराता (नवी संघटना)
दोघे पाठीला पाठ लावून बसले. शिक्क्याची शाई मात्र एकाच डबीतली.

हिगाशिदानी, ११ नोव्हेंबर १९६४