वाम माशाची बुळबुळ

४ फेब्रु. १९७१
धाकट्या भावाने, दिगूने, गावाहून, चऱ्होलीहून सायकलवर वाम आणून दिली. ओल्या फडक्यात, जिवंत. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "राव, औषधाची कंपनी हाय का मासळीबाजार?" लॅबमध्ये काचपट्टीने अंगावरची बुळबुळ खरवडून घेतली. आमच्याकडे नदीकाठी ती जखमेवर लावतात, आईचा जुना तोडगा. लॅबच्या बाई म्हणाल्या, "करून बघा. हसायचं की नाही ते नंतर ठरवू."

६ फेब्रु.
लॅबमधल्या काचेच्या बशीत वाढवायला ठेवलेले जंतू दाट उगवलेत. बुळबुळीत भिजवलेल्या कागदाच्या टिकलीभोवती मात्र स्वच्छ कडं, तिथे एकही नाही! बाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "रक्तावर तपासून होईपर्यंत बाहेर बोलू नका." हो म्हटलं.

७ फेब्रु., रवि.
घरी बोललोच. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आई चुलीपुढून उठून आली. "म्हंजी आमी म्हणत व्हतो ते खरंच हाय!" दिगू म्हणे, "आये, आता तुलाच कंपनीत घेत्यात बघ." फार बरं वाटलं. रक्ताचं राहिलंय, ते काही सांगितलं नाही.

११ फेब्रु.
रक्त माझंच दिलं. बुळबुळ घातली आणि अर्ध्या तासात नळीतलं गढूळ लाल सरबतासारखं आरपार झालं. बाई म्हणाल्या, "पेशी फुटल्या सगळ्या. जंतूंना मारते तशी रक्तालाही सोडत नाही. उघड्या जखमेवर लावायचं काम नाही." घरी सांगायला हवं. रविवारी.

१४ फेब्रु., रवि.
सकाळी ओव्हरटाइम. दुपारी सुटलो, गावची गाडी मिळाली असती. भोसरीला खोलीवर येऊन झोपलो. खरं कारण, आईचं उतरलेलं तोंड बघायचं नव्हतं. पुढच्या रविवारी नक्की.

१८ फेब्रु.
काका कंपनीच्या गेटवर. दिगूच्या पायावर कुऱ्हाड बसली, शनिवारीच. आता ताप उतरेना, दवाखान्यात ठेवलाय. तसाच गेलो. डॉक्टर खवळले होते. "मी बांधून दिलेली पट्टी सोडली कुणी?" आई पुढे होऊन म्हणाली, "म्या सोडली. रोज वाम लावत व्हते." आणि माझ्याकडे पाहिलं, भरवशाने. मी खाली बघितलं.
शनिवारी लागलं. रविवारी मी झोपलो होतो.

२० फेब्रु.
सकाळी दहाला दिगू गेला.

२ मार्च
काल दहावा झाला. आज कामावर. बाईंना विचारलं, एवढ्याशा बुळबुळीने माणूस जातो का? म्हणाल्या, "सांगता येणार नाही. पट्टी सोडल्यावर जखम चिघळली, तेवढंही पुरतं." थोड्या वेळाने, "घरी बोलला होतात?"
नाही म्हटलं. बाईंशी पहिल्यांदा खोटं बोललो.

४ मार्च
साबणाने तीन-तीनदा हात धुतो, तरी बोटं बुळबुळीत लागतात. जेवताना घास सुटतो. मेसमधला पोरकट नाना म्हणतो, प्रेमात पडला का. दिगूचा आवाज आठवत नाही, नुसती सायकलची घंटी... लाज वाटते. भीतीही.

७ मार्च, रवि.
घरी. आई येईल त्याला एकच सांगते, "वाम लावली म्हणून लेकरू आठ दिस तरी तगलं." तिच्याजवळ तेवढंच उरलंय. मी तोंड उघडलं तर तेही जाईल, वर पट्टी तिनेच सोडलेली. नाही उघडलं तर...
जेवत होतो, तोच शेजारची सखूकाकू आली. विळ्याने तळहात चांगला चिरलाय, चिंधीतून रक्त गळत होतं. आईने फळीवरून झाकलेली वाटी काढली. आत बुळबुळ, आजच खरवडलेली.
काकू हात मागे घेत म्हणाली, "दवाखान्यात जाऊ का ग?"
आई म्हणाली, "थोरला हाय की घरात, त्यालाच इचार. सांग रं हिला, तुज्या बशीत काय झालं ते."
मी ताटावरून उठलो. म्हटलं, "आई, तू जरा आत जा."
"का? सांग की माझ्यासमोर."