तिसरा फोनो

आबा,

काल तुमच्या नातवाने घरात गाणी ऐकायचं नवं यंत्र आणलं. दुकानात गेला, एकाकडे बोट दाखवलं आणि भाजी आणावी तसं रिक्षातून घेऊन आला. मी विचारलं, "ऐकून बघितलंस का?" तर म्हणतो, "त्यात काय ऐकायचं? सगळी सारखीच असतात." हे तुमच्यासमोर म्हणाला असता तर तुम्ही त्याला आल्या पावली परत धाडलं असतंत. तेव्हापासून तुम्ही मनातून हलायला तयार नाही, म्हणून आज दुपारी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर हे लिहायला बसले आहे.

तुम्ही पहिला फोनो, नातू ज्याला ग्रामोफोन म्हणतो तो, घेतलात तेव्हा मी मराठी शाळेत जात होते. गिरणीत साचेखात्यात तुम्ही जॉबर. कापड विणणाऱ्या साच्यांची एक अख्खी रांग आणि त्यावरची माणसं तुमच्या हाताखाली. शुक्रवार पेठेतल्या आपल्या बोळात तुम्हाला मान होता. पण दोन खोल्यांच्या घरात फोनो आणायचं खूळ त्या बोळात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मोडनिंबहून सोलापुरात आलात तेव्हापासूनच तुम्हाला गाण्याचा नाद. नाटक कंपनी आली की पिटात बसून ऐकलेली पदं तुम्ही पुढे आठवडाभर अंघोळ करताना म्हणायचात, आणि आई बाहेरून ओरडायची, "पानी संपलं, आता तरी पडदा पाडा की!"

नवी पेठेतल्या त्या दुकानदाराला तुम्ही अक्षरशः रडकुंडीला आणलंत. गिरणीला सुट्टी असली की मला हाताला धरून त्याच्याकडे जायचं, सगळ्या फोनोंवर एकच तबकडी आळीपाळीने लावायला सांगायची आणि डोळे मिटून बसायचं. मग उठून रस्ता ओलांडायचा, समोरच्या कापडवाल्याच्या पायरीवर उभं राहायचं आणि तिथून हाक द्यायची, "हां, लावा आता!" रस्त्यावरची माणसं थांबून बघायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. परत येऊन तुम्ही निकाल द्यायचात. "ह्यो नाकात बोलतूय." "ह्येच्यात तबला न्हाय, पत्रा वाजतूय." शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "जॉबर, घ्यायचाय, का नुसतं ऐकायचंय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "ऐकायसाटीच घ्यायचाय की!" घरी आल्यावर मी सगळं सांगितलं तर आई पदराआडून म्हणाली, "मला बगाय आलता तवा इतकं निरखून बगितलं न्हवतं." तुम्ही पण हसलात.

पुढे फोनोची पेटी घरात आली आणि घराची शिस्तच बदलली. संध्याकाळी कामावरून आलात, हातपाय धुतलेत की फोनो. गाणं चालू असताना बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, आईने फोडणीसुद्धा आधी देऊन ठेवायची. पोलादी सुईने तबकडी झिजते असं कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून तुम्ही माळावरून बाभळीचे काटे आणायचात, सावलीत वाळवायचात आणि कानशीवर घासून त्यांना टोक काढायचात. काट्याने आवाज लहान यायचा, पण असा गोड यायचा की सगळे आपोआप पुढे सरकून बसायचे. एकदा मी भजी खाऊन तशाच तेलकट बोटांनी तबकडी उचलली. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तुम्ही नुसतं म्हणालात, "गान्याला हात लावायच्या आदी हात धुवावा, बाय." एवढंच. धपाटा परवडला असता. आजही कुणाची तबकडी हातात घ्यायची म्हटलं तर माझे पाय आधी मोरीकडे वळतात.

मग काही वर्षांनी फोनो "बसला". हा तुमचा शब्द. "आवाज बसलाय त्येचा," तुम्ही म्हणायला लागलात. आधी काटे गेले आणि पोलादी सुया आल्या. मग जाड सुया आल्या, मोठ्या आवाजाच्या. तरी तुमचं समाधान होईना. घड्याळं आणि फोनो दुरुस्त करणारा एक मिस्त्री बेगम पेठेत बसायचा, त्याच्याकडे आपल्या फेऱ्या सुरू झाल्या. त्याने आतली अभ्रकाची चकती बदलली, तेल घातलं, स्प्रिंग बदलली. तुम्ही पेटीला कान लावून बसायचात आणि मान हलवायचात. "लुबाडलं दुकानदारानं. बाहेरनं लाकूड, आतनं भुस्सा!" इकडे गाणं पार बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं. शेजारची काकू आईला म्हणालीसुद्धा, "तुमी घेतला, आमाला घ्यायचं कामच ऱ्हायलं न्हाय."

आम्हाला कळायला इतका वेळ लागला, कारण तुमच्याशी बोलताना काहीच अडत नव्हतं. एकदा तुमचा डबा घेऊन मी साचेखात्याच्या दारापर्यंत आले होते. ते दार उघडलं आणि तो खडखडाट अंगावर आला, तशी मी कानावर हात ठेवून उभीच राहिले. आत माणसं एकमेकांशी बोलत होती, हसतही होती, आणि एकाचाही आवाज येत नव्हता. सगळे एकमेकांचे ओठ वाचत होते. तिथे वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाला घरी बायको-लेकीचं बोलणं कळायला कान कशाला लागतात? ते आम्हाला समजलं एका सकाळी. आई पाहुण्यांसमोर पदर तोंडावर धरून तुम्हाला काही सांगत होती आणि तुम्ही वैतागून म्हणालात, "पदर काड की त्यो, कळंना मला." आईने पदर काढला, तेच शब्द तितक्याच हळू पुन्हा बोलली आणि तुम्ही लगेच उत्तर दिलंत. आईने माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडेच बघत होते. फोनोला बिचाऱ्याला ओठ नव्हते.

त्याच आठवड्यात मी एकटी मिस्त्रीकडे गेले. तो डोळ्यावरचं भिंग काढून म्हणाला, "मशीन अच्छीच है बेटी. आवाज पूरे मोहल्ले में जाराय. जॉबरसाब के कानों का देखो." हे त्याला केव्हाच कळलं होतं. मग दुरुस्ती कसली करत होता, विचारलं, तर म्हणाला, "क्या बोलूं मैं उन को?" घरी आले आणि आईला सांगितलं. ती चुलीपुढे होती. भाकरी तव्यावर करपली तरी तिला भान नव्हतं. शेवटी म्हणाली, "सांगायचं न्हाय. दुसरा कसला नाद न्हाय त्या मानसाला. फोनोच बिगडलाय म्हनायचं." आणि आम्ही म्हणायला लागलो. तुम्ही फोनोला एक शिवी दिलीत की आम्ही दोन द्यायचो. आई तर अशी पेटायची की खरंच त्या पेटीने तिचं काही वाईट केलं आहे असं वाटावं. मिस्त्री तुमच्यासमोर पेटी उघडायचा, फुंकर मारायचा आणि काळजीने "च् च्" करून बंद करायचा. आज हसू येतं, पण तेव्हा तुम्ही पेटीपुढे वाकून कपाळाला आठ्या घालून बसलात की मी उठून आत जायची. मला बघवत नव्हतं.

एक दिवस तुम्ही जाहीर केलंत, "ह्यो मोडीत काडायचा. नवा घ्यायचा." आईचा चेहरा पडला. नवा आणून तोही बसला, तर मग तुम्हाला काय सांगायचं? तिने मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "तू संगं जा. चांगला दणदणीत बगून दे." मी तेव्हा सातवी होऊन मास्तरीण व्हायच्या तयारीत होते, साडी नेसत होते. तरी तुम्ही लहानपणीसारखा माझा हात धरूनच नवी पेठेत निघालात.

तोच दुकानदार. तुम्हाला बघून त्याने कपाळाला हात लावला, पण खुर्ची पुसून दिली. तीन फोनो मांडले. मी वाट बघते आहे की आता तुम्ही डोळे मिटाल, मग रस्ता ओलांडून कापडवाल्याच्या पायरीवर जाल. तुम्ही कुठेच गेला नाहीत. खुर्ची वळवून घेतलीत आणि माझ्यासमोर बसलात. मला वाटलं, लेक मोठी झाली, आता तिचं मत घ्यायचं आहे. पहिला लावला. चांगला होता, पण विशेष काही नाही. दुसरा लाकडी पेटीचा, कर्णा आतच. तो सुरू झाल्यावर मी मान खाली घालून फरशीकडे बघत बसले. तिसरा जुन्या धर्तीचा, बाहेर भला थोरला पितळी कर्णा. दुकानदाराला तो कधीचा खपवायचा होता. तो असा काही वाजला की समोरचा कापडवाला बाहेर येऊन बघायला लागला. मी मान वर केली आणि तुमच्याकडे बघून हसले. तुम्ही गुडघ्यावर थाप मारलीत. "ह्यो! ह्योच द्या."

परत येताना रसवंतीवर बसलो. कर्णा तुमच्या मांडीवर, पेटी माझ्याजवळ. तुम्ही एवढे खुशीत होतात की रसवाल्यालाही विचारलंत, "कसा हाय?" मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, म्हणालात, "तुज्या तोंडाकडं बगून घेतला बग. मला काय आता कळतंय?" मी पेला बाकावर ठेवला. "तुजी आई लबाड, मिस्त्री लबाड आन् तूबी लबाड. मला म्हाईत हाय समदं. सकाळचा भोंगा लांबनं आल्यावानी वाटाय लागला तवाच मी समजलो." मी म्हटलं, "मग इतके दिवस फोनोला शिव्या का देत होता?" तुम्ही रस संपवलात, मिशी पुसलीत. "तुमी समदी इतकं जीव तोडून त्येला नावं ठिवत हुता. मला मोडवना." आबा, त्या क्षणी मला तुमची अशी माया आली की भर रस्त्यात गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण तुम्ही पुढे म्हणालात, "माजं झालं ऐकून. आता तू ऐक. तुला आवडंल असाच घ्यायचा हुता. झाला." मग रडायचं राहूनच गेलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला कुणी परत दिल्या तर मी दुसरं काही मागणार नाही. "लाव की," म्हणायचात, आणि फोनोकडे पाठ करून माझ्यासमोर मांडी घालून बसायचात. मी ऐकायचं आणि तुम्ही मला बघायचं. सम आली की तुमची मान माझ्यामागून हलायची. सुरुवातीला मला भारी लाज वाटायची. पुढे कळलं की मी नीट ऐकलं नाही तर तुम्हाला काहीच मिळत नाही, म्हणून नीट ऐकायला शिकले. मन दुसरीकडे असलं की तुम्ही तबकडीवरून सुई उचलायचात. "आज न्हाय तुजं ध्यान. ऱ्हाऊ दे." गाणं कसं ऐकायचं हे मला शिकवलंत ते तुम्ही, आणि तेही ऐकू येत नसताना. लग्नात तो फोनो तुम्ही माझ्याबरोबर दिलात. आमचे हे त्याला गिरणीचा भोंगा म्हणायचे, तरी त्यांनी तो कधी टाकू दिला नाही. तुम्ही गेलात त्या वर्षी मी तो फारसा लावला नाही. समोर कुणी बसलेलं नसताना ऐकायची सवयच उरली नव्हती.

आता तुमचा नातू येईल. काय लिहितेस म्हणून विचारेल, आणि मी काहीतरी थाप मारीन. हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. एकच गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. रसवंतीवर सांगणार होते, पण तुम्ही तो कर्णा मांडीवर घेऊन असे बसला होतात की माझ्याने बोलवेना. पुढे तर रोजच बोलवेना. तुम्ही माझं तोंड बघून घेतलात, आणि मी हसले होते ते फक्त तो सगळ्यांत मोठ्याने वाजत होता म्हणून; त्यातलं थोडं तरी तुमच्यापर्यंत पोचेल असं वाटलं म्हणून. मला दुसरा आवडला होता, आबा.