मंगलच्या डोळ्यातला मस्कारा

३ फेब्रु. १९९१, रवि. जळगाव
मंगळवारी चुलतबहिणीचं लग्न, पहूरला. कपाटात मावशीने पुण्याहून आणलेला मस्कारा सापडला. दोन वर्षांचा, पार सुकलेला. आई काजळ घट्ट झालं की एरंडेलाचा थेंब टाकून घोटायची. मीही नळीत तोच टाकला. झकास मऊ झाला! मंगल म्हणाली, "अक्का, अगदी आईच गं तू." दिवसभर हवेत होते. आई गेल्यापासून घरात नाना आणि आम्ही दोघी बहिणी; धाकटीचे डोळे मीच रंगवते. तेवढं एक आईचं काम मला जमतं.

५ फेब्रु. पहूर
लग्नघरात काजळाची डबी फिरते तशी नळी फिरली. काकू, दोघी चुलतबहिणी, नवरीची मैत्रीण. या मैत्रिणीचा डोळा आधीच लाल होता. "चुलीचा धूर गेला," म्हणाली. सगळ्यात शेवटी मंगल. काय दिसत होती! आई हवी होती.

७ फेब्रु.
मंगलचा उजवा डोळा सुजलाय. सकाळी पापण्या चिकटलेल्या, कोमट पाण्याने सोडवल्या. रविवारी सावद्याचे पाहुणे तिला बघायला येणार, आणि हे मी करून ठेवलं.
डॉ.नी विचारलं, "किती जणींनी लावला?" पाच. तेलाचंही सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. नळी फेका. उघडली की तीन महिने, पुढे नाही. तेल-पाणी घालायचं नाही. दुसरीचा ब्रश लावायचा नाही. झोपताना धुवायचं. डोळा पूर्ण बरा होईतो काहीच नाही.
मी म्हटलं, आईच्या एका डबीतून आख्खी गल्ली काजळ घालायची.
"तेव्हाही डोळे यायचे, ताई. तुम्ही साथ आली म्हणायचात."
खरंच यायचे की. दर उन्हाळ्यात.

१० फेब्रु., रवि.
नाना म्हणाले, पुढे ढकलू. मंगलच नको म्हणाली. पोहे घेऊन गेली तशीच, लाल डोळ्याने. मुलाच्या आईने हनुवटी धरून पाहिलं. "डोयाले काय झालं व माय?"
मी तोंड उघडणार, तोच मंगल म्हणाली, "काही नाही, लग्नात धूळ गेली."
मला वाचवलं. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं होतं.
"कळवतो" म्हणून गेले.

१३ फेब्रु.
सूज उतरली. डॉ.नी दिलेले थेंब चालू. टपाल नाही. नाना रोज पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसतात, तेच जड जातं.

२४ फेब्रु., रवि.
डोळा स्वच्छ. डॉ.नी हो म्हटलं. सावद्याहून अजून काही नाही.
काल नवे मस्कारे आणले, तारीख बघून, सील बघून. एक तिचा, एक माझा. आज तिच्या मैत्रिणीचा साखरपुडा. ती आरशासमोर बसली. मी नेहमीसारखी मागे जाऊन तिची हनुवटी वर केली.
तिने माझा हात हळूच खाली ठेवला. "राहू दे अक्का. माझं मी लावते."
रागाने म्हणाली नाही. डाव्या डोळ्याला जरा जास्तच लागला होता. पुसायला उचललेला रुमाल मी परत ठेवला.