हितचिंतकाचं पार्सल

वोल्फ्सबुर्ग, जर्मनी,
१९ नोव्हेंबर २०१४

चि. वल्लरी,

आशीर्वाद. तू खुशाल असशील असं धरून चालते. माझे टाके सुकले, भात पचतो. ऑपरेशनचं तुला कोणी कळवलं हे विचारत नाही. उत्कर्षनं नाही, एवढं नक्की.

तुझं पार्सल मिळालं. पार्सल कसं करू नये याचा नमुना होता तो. इथल्या कस्टमच्या कचेरीत, म्हणजे त्सोलआम्टमध्ये, संशयास्पद पार्सल कसं ओळखावं याचं चित्र भिंतीवर लावलंय. वेडंवाकडं अक्षर, तेलाचे डाग, गरजेपेक्षा जास्त चिकटपट्टी, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. तू एकही सोडलं नाहीस! वर मांजरपाटात शिवून लाखेची सीलं. अधिकारी बाई हातमोजे घालूनच आली. आत पिवळी पूड, पिशवीवर एक अक्षर नाही. मेतकूट म्हणजे काय हे मी नन्सनी शिकवलेल्या इंग्रजीत समजावलं, तरी तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

आणि पाठवणाऱ्याच्या जागी काय, तर ‘वेल-विशर, पुणे’! निनावी पत्रं लिहिणारे असं लिहितात, वल्लरी. पोस्टातल्या माणसानं ते घेतलं तरी कसं? आणि डाव्या हातानं लिहिलंस ना, उत्कर्षनं अक्षर ओळखू नये म्हणून? नाही ओळखलं त्यानं. मी कापडाची कड बघितली. पार्सलला काजटाका घालणारी बाई मला एकच माहीत आहे.

“पाठवणारा कोण?” अधिकारी बाईनं विचारलं. “कळलं नाही तर देता येणार नाही. नष्ट करावं लागेल.”

“जाऊ दे ना आई,” उत्कर्ष म्हणाला. “मेतकूट काय, ऑनलाइन मागवू.”

त्याच्या घरात तुझं नाव काढायचं नाही, असा नियम आहे. मी तो पाळत आले. जेवते त्याच्याकडे, औषधं तो आणतो.

मी म्हटलं, “माझ्या सुनेनं पाठवलंय.” नाव सांगितलं, पत्ता सांगितला, स्पेलिंगसकट.

“आता ती सून नाही,” उत्कर्ष तिला जर्मनमध्ये म्हणाला. एवढं जर्मन मला कळतं.

“घटस्फोट यानं घेतलाय,” मी म्हटलं. “मी नाही.”

बाईनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

घरी आल्यावर उत्कर्ष म्हणाला, “हे पुन्हा इथे यायला नको.” बरं, म्हटलं. मऊ भात केला, वर तूप-मेतकूट घातलं, एकटीच जेवले. हिंग कमी पडलाय तुझा. मग त्याला माझं तिकीट काढायला सांगितलं.

डिसेंबरात मी कायमची परत येते आहे. विमानतळावर येशील का? टॅक्सी मिळते मला. त्यासाठी विचारत नाही.

तुझी,
आई
(हा शब्द खोडायचा तर तू खोड. माझ्या हातून व्हायचं नाही.)