फॉक्सग्लव्हना कारणे दाखवा नोटीस

२ मार्च, सकाळी ९.३०
आजपासून बाग. घरामागचा तुकडा सहा महिने नुसता पडून आहे आणि मीही. तिथे ऊन अकराला येतं, साडेअकराला जातं. सावलीत काही येत नाही, असं सगळे म्हणतात. सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं नाही. मी वाचलं (पहिली बारा पानं). सावलीत फॉक्सग्लव्ह उत्तम येतो. छातीइतका उंच दांडा आणि त्याला खालपासून वरपर्यंत जांभळ्या घंटा.

संकल्प : ३१ ऑगस्टला माझ्या निवृत्तीला वर्ष होतं. त्या दिवशी अख्ख्या आस्थापना शाखेला बागेत चहाला बोलवायचं. सहा महिन्यांत एकानेही फोन केलेला नाही. येऊन बघू देत, साहेब संपलेत का ते.

हिला बियांचं पाकीट दाखवलं. उलटसुलट करून वाचत बसली. मग म्हणाली, छान आहे, जरूर लावा. चौतीस वर्षांत इतक्या लवकर कशालाही हो म्हणालेली नाही. स्वयंपाकघराच्या दारावर सूचना लावली : बागेच्या बाबतीत कोणीही सल्ला देऊ नये.

४ मार्च
पेरणी झाली. बी म्हणजे निव्वळ धूळ. पट्टी लावून ओळी आखल्या, दोन-दोन इंच खोल भोकं पाडली, वरून माती थापून घट्ट केली. पाकिटावरची अक्षरं मुंगीएवढी आणि चष्मा आत. नाही वाचलं. एकतीस वर्षं शाखा चालवलेल्या माणसाला पाकिटाने शिकवायला नको.

२५ मार्च
काही नाही.

२६ मार्च
तेच. शेजारच्या नर्सबाई (याही निवृत्तच) कुंपणावरून म्हणाल्या, की फार खोल गेलं असेल, या बियांना उजेड लागतो. सल्ला! अर्थात, सूचना आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर आहे, त्यांना दिसणार कशी. सोडून दिलं.

२ एप्रिल
बियांना कारणे दाखवा नोटीस दिली. मुदत सात दिवस. काठीला लावून ओळीच्या तोंडाशी रोवली. मला वाटलं ही हसेल. हसली नाही. भिजू नये म्हणून नोटीस प्लॅस्टिकमध्ये घालून दिली. बायको अशी असावी.

१० एप्रिल
उत्तर नाही. उरलेलं बी तळहातावर ओतलं आणि नेमकी शिंक आली. बी गेलं. कुठे गेलं, कळायला मार्ग नाही.
संकल्प : बागेत शिंकायचं नाही.

१ मे
उगवलं! ओळीत एकही नाही. भिंतीच्या कडेला, कोपऱ्यात, नळाखाली, जिथे पेरलं नव्हतं तिथे सगळीकडे. याला विखुरणी पद्धत म्हणतात. मी ती विचारपूर्वक निवडली होती. नोटीस मागे घेतली. ही म्हणाली, आले का तुमचे कोल्हे? झाडाच्या इंग्रजी नावाची अशी थट्टा मला आवडत नाही, पण आज चालवून घेतलं.

१४ जून
एकूण पंधरा. हजेरीपत्रक केलं. गुबगुबीत, लवदार पानं, सगळी जमिनीलगत गोल करून बसलेली, कुणालाच उठायची घाई नाही. शाखेची आठवण झाली. रोज साडेनऊ ते एक बागेतच असतो. गोगलगायी सापडल्या, त्यांची नर्सबाईंच्या आवारात बदली केली.
या नर्सबाई हल्ली सकाळी आमच्याकडे येऊन बसतात. आतून हसण्याचे आवाज येतात. एवढं काय असतं बोलायला?

२० जुलै
आमंत्रणं रवाना. बावीस. स्वतः टाईप केली. 'संपूर्ण बहरात असलेल्या बागेत' असं लिहिलं. बहर अजून नाही, पण पत्रं पोचायलाही वेळ लागतो. हिला सहज विचारलं, फुलं कधी येतील असं वाटतं? ही म्हणाली, सल्ला द्यायचा नाहीये ना. शिस्तीची आहे.

१२ ऑगस्ट
पानं. वीतभर रुंद झाली, पण पानंच. दांड्याचा पत्ता नाही. यांना काय कमी केलं मी? खत घातलं, झारीने पाणी घातलं, पावडर लावून किडे मारले. स्वतःच्या मुलांचं इतकं केलं नाही (ही म्हणते, अजिबातच केलं नाही).
आमंत्रणाची उत्तरं तीन. एकाची कंबर दुखते. एक बाहेरगावी. तिसऱ्याने लिहिलंय, साहेब, आठवण येते. येणार की नाही, ते लिहिलेलं नाही.

२९ ऑगस्ट
दगा! शुद्ध विश्वासघात. एकतीस वर्षांत मी कुणाला सहा महिन्यांच्या वर प्रोबेशन दिलं नाही. यांनाही दिलं नसतं. परवा शाखेसमोर ही पानं दाखवून हसं करून घेण्यापेक्षा रिकामी जमीन परवडली. हातमोजे घातले आणि पंधराच्या पंधरा मुळासकट उपटली. नळाखालचं सुटेना. त्याला ओढताना उगाच वाईट वाटलं.
ही दारात आली आणि केवढ्यांदा ओरडली, अहो, हे काय केलंत! मग आत निघून गेली. फुलांचं तिच्या मनात इतकं असेल असं वाटलं नव्हतं.

३१ ऑगस्ट, संध्याकाळी ७
बावीस कप मांडले होते. आला एक. ऑफिसातल्या माझ्या खुर्चीवर बसलेला नवा अधीक्षक. मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा, आणि तो म्हणतो, सर, जुन्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे राहिलीय का? वर्ष झालं, उघडत नाही. ड्रॉवरमध्ये निघाली. दिली.
जाताना कोपऱ्यातल्या ढिगाकडे बघून म्हणाला, अरेरे, फॉक्सग्लव्ह ना? आमच्या आईकडे आहेत. पहिल्या वर्षी नुसती पानंच असतात, फुलं दुसऱ्या वर्षी. पाकिटावर असतं की लिहिलेलं.
चष्मा लावून पाकीट वाचलं. लिहिलेलं आहे. खाली रेघसुद्धा मारलेली आहे. आणि पाकीट वाचणारी घरात एकच.
हिला विचारलं. ही म्हणाली, हो, पहिल्याच दिवशी वाचलं. मग बोलली का नाहीस? तिने गॅस बंद केला. म्हणाली, तुम्ही रिटायर झालात आणि माझे डबे वर्णानुक्रमे लावलेत. मी फोनवर किती मिनिटं बोलते ते वहीत लिहायला लागलात. सहा महिने मी माझ्याच घरात हजेरी देत होते. पाकिटावर 'दोन वर्षं' असं वाचलं आणि वाटलं, देव पावला. साडेनऊ ते एक घर माझं. आणि तुम्ही सहा महिन्यांत ती उपटून टाकलीत! बोलता बोलता रडायला लागली.
बियांनी दगा दिला, शाखेने दिला, इथवर ठीक. पण हिने? फार लागलं मला.

४ सप्टेंबर
तीन दिवस अबोला होता. मी अजून रागावलेलो आहे, याची नोंद असावी.
आज साडेनऊला खुर्ची घेऊन मागे गेलो. मातीची पाहणी करायची होती. पाच मिनिटांत झाली. बसून राहिलो. साडेदहाला नर्सबाई आल्या. रेडिओ लागला. मग दोघी कशावरून तरी हसत सुटल्या. ही इतक्या मोठ्याने हसते, हे मला माहीतच नव्हतं.
एक वाजता हिने जेवायला हाक मारली. भूक लागली होती. तरी दहा मिनिटं थांबून आत गेलो.